कोण, कोणास, केव्हा म्हणाले?

मराठीच्या पेपरात 'संदर्भासह स्पष्टीकरण' हा प्रश्न हमखास असायचा. धड्यातलं एखादं वाक्य द्यायचं आणि मुलांनी लिहायचं, की हे वाक्य कोण म्हणालं, कोणाला म्हणालं आणि केव्हा म्हणालं. माझ्या वयाच्या मंडळींना तो नक्की आठवत असेल. बत्तीस वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं तपासली. गंमत अशी, की बोलणारा एकदा बरोबर ओळखला की बाकीचं उत्तर मुलं आपसूक लिहीत. बोलणाराच चुकला, तर पुढे पानभर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं सगळं वाया जाई.

निवृत्तीनंतर या प्रश्नाशी पुन्हा गाठ पडेल असं काही वाटलं नव्हतं. पण पडली, आणि तीही संगणकाच्या काळ्या पडद्यावर. संगणक सुरू करताना कधी कधी 'नेटवर्क बूट'चे जे इंग्रजी संदेश येतात, त्यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. विषय तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई आहे, माझ्या हातून फार तांत्रिक काही होण्याची शक्यता नाही. :)

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ह्यांनी मनावर घेतलं होतं, आणि त्यासाठी २०१२ साली पुण्याहून सुटे भाग जोडून केलेला एक संगणक आणला. ह्यांच्या मागे ते काम माझ्याकडे आलं. नातेवाईक मंडळी माहिती पाठवतात, मी ती टंकते. टंकलेला मजकूर पेनड्राइव्हवरही असतो, त्यामुळे त्याची काळजी नसते. पण संगणकात आणखी एक गोष्ट होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती.

ज्यांनी जुने कुलवृत्तांत चाळले आहेत त्यांना माहीत असेल. त्यात मुलग्यांची नावं, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, सगळं असतं. मुलींच्या बाबतीत मात्र बऱ्याच ठिकाणी 'कन्या २' किंवा 'कन्या ३' एवढाच उल्लेख. त्या दोन किंवा तीन कोण, त्यांचं पुढे काय झालं, काही नाही. २०२४ च्या दिवाळीत मी आमच्या आत्येसासूबाईंकडे, म्हणजे सगळ्यांच्या माईआत्यांकडे, दोन दिवस राहिले आणि त्यांना बोलतं केलं. फोनवर त्यांचा आवाज टिपून घेतला, पावणेदोन तास. अशा नऊ जणी त्यांना नावानिशी आठवत होत्या. कोणी सहा महिन्यांची होऊन गेली, कोणी लग्नानंतर पहिल्याच बाळंतपणात. माईआत्या भराभर बोलत. त्यामुळे माझ्या वहीत पाच नावं उतरली, चार राहिली. ती घरी येऊन सावकाश ऐकून लिहायची होती.

मार्गशीर्षात माईआत्या गेल्या. वय ९४. त्यानंतर कितीतरी महिने तो आवाज लावायचं मला धैर्य झालं नाही. पुढच्या आषाढात फोन पावसात भिजून कायमचा गेला. आवाज उरला तो फक्त संगणकात.

आणि २०२५ च्या श्रावणात, घराला रंग काढल्यानंतर सगळं सामान परत जागच्या जागी लागलं, मी संगणकाचं बटण दाबलं, तर नेहमीचं निळं चित्र येईना. काळ्या पडद्यावर ही तीन वाक्यं आली:

पीएक्सई-ई६१ : मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल

पीएक्सई-एम०एफ : एक्झिटिंग पीएक्सई रॉम

रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस

बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा तीच वाक्यं. दुरुस्तीच्या एका दुकानात फोन लावला. तिथल्या मुलाने माझं पहिलं वाक्य पुरतं होण्याआधीच निदान केलं. "विंडोज उडालं असणार आजी. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो. संध्याकाळपर्यंत मिळेल." फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं, एवढं मला कळतं. म्हटलं, कळवते.

मग बंगळूरला नातवाला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "आजी, तू अक्षर न् अक्षर वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे तुझी हार्ड डिस्क बोलत नाहीये, नेटवर्क कार्ड बोलतंय. फॉरमॅट अजिबात करू देऊ नकोस. मी रात्री फोन करतो." त्याची मीटिंग होती, तो गेला. मी मात्र 'कोण बोलतंय' या त्याच्या शब्दांपाशी थांबले. हा तर माझा विषय! वही काढली, मोबाईलवर जालावर शोधाशोध केली, रात्री नातवाला प्रश्न विचारून बेजार केलं. दोन दिवसांत जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

बटण दाबल्यावर संगणकाला काहीच येत नसतं. विंडोज वगैरे जे काही असतं ते डिस्कवर झोपलेलं असतं, आणि डिस्कवरून काही उचलून आणायचं तर उचलून आणण्याची रीत आधी ठाऊक हवी. ती रीतही डिस्कवरच! आपल्याकडच्या दर्शनशास्त्रात दाखला देतात, की डोंबारी कितीही तरबेज असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही. इंग्रजीत हेच स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलण्याबद्दल म्हणतात, आणि 'बूट' हा शब्द त्या पट्ट्यांवरूनच आला आहे. मला इतके दिवस वाटायचं, की संगणकाला लाथ मारून उठवतात म्हणून बूट!

या पेचावर तोड म्हणून मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये थोडंसं शहाणपण कायमचं लिहून ठेवलेलं असतं. त्याला बायॉस म्हणतात. बायॉस म्हणजे भल्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी घरातली बाई. ती उठून आधी पाहते, की मेमरी आहे ना, कीबोर्ड आहे ना. मग तिच्याजवळ एक यादी असते, कोणाकोणाला उठवायचं त्याची. पहिली हार्ड डिस्क, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, असा तो क्रम असतो, आणि पुष्कळ संगणकांत त्या यादीच्या अगदी तळाशी 'नेटवर्क' असतं.

डिस्कची पाळी आली, की बायॉस तिचा पहिला तुकडा वाचते. तो अवघा ५१२ बाइटचा असतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत एक ठरलेली खूण असते. खूण पटली, की बायॉस सगळा कारभार त्या तुकड्यातल्या सूचनांच्या हाती देते आणि बाजूला होते. खूण पटली नाही, किंवा डिस्कच सापडली नाही, तर ती यादीतल्या पुढच्या नावाकडे वळते. वळताना पुष्कळदा ती एक शब्दही बोलत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून पुन्हा सांगते. पहिला उठला नाही, हे ती पडद्यावर लिहीत नाही. ती फक्त पुढे जाते. असं करत करत ती तळाशी पोचते, नेटवर्क कार्डाला हलवते, आणि ते बिचारं प्रामाणिकपणे बोलू लागतं.

या कार्डाला मुळात का म्हणून विचारायचं? तर त्यालाही इतिहास आहे. एके काळी डिस्क फार महाग असायच्या. मग एका मोठ्या यंत्रात सगळं ठेवायचं आणि बाकीच्या यंत्रांनी डिस्कशिवायच, तारेवरून आपापला धडा मागवून सुरू व्हायचं, अशी कल्पना निघाली. तारेवरून फायली आणण्याची एक अगदी साधी पद्धत, टीएफटीपी, १९८१ साली लिहिली गेली. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाचा करार मांडला. नुकत्याच जागं झालेल्या यंत्राने 'माझा पत्ता काय आणि माझी फाइल कुठे' असं कसं विचारायचं, ते त्यात ठरवून दिलं. १९९३ साली त्यातून डीएचसीपी निघाली. आपल्या घरचा वायफायचा राउटर आज फोनाला, टीव्हीला पत्ते वाटतो तो याच पद्धतीने. पुढे इंटेलने हे सगळं एकत्र बांधून पीएक्सई नावाची नियमपुस्तिका केली. तिची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ ची. पीएक्सई म्हणजे प्रीबूट एक्झिक्यूशन एन्व्हायरन्मेंट. जाणकार लाडाने 'पिक्सी' म्हणतात.

मोठ्या कचेऱ्यांत शंभर संगणकांवर एकदम विंडोज चढवायचं असेल, तर हे फार सोयीचं. शाळांच्या संगणक प्रयोगशाळांसाठी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट म्हणून एक फुकट प्रणाली आहे. तिच्यात एक चांगला संगणक सर्व्हर म्हणून असतो आणि जुने, डिस्क नसलेले संगणकही त्याच्या जिवावर चालतात. म्हणजे ही चीज वाईट नाही, उपयोगाची आहे. फक्त माझ्या दिवाणखान्यात तिचं काही काम नव्हतं. यादीच्या तळाशी आहे म्हणून तिला विचारलं गेलं, इतकंच.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. एकेका वाक्याचं संदर्भासह स्पष्टीकरण.

'पीएक्सई' अशी सुरुवात असली, की बोलणारं नेटवर्क कार्ड. पुढचं अक्षर ई असेल तर एरर, म्हणजे तक्रार. एम असेल तर नुसता मेसेज, म्हणजे निरोप. त्यापुढचा आकडा षोडशमान पद्धतीतला, ज्यात नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत जातात.

ई६१, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल. हे वाक्य कार्ड आपल्याला उद्देशून म्हणतं. 'चेक' हे क्रियापद आज्ञार्थी आहे. पण कुठली केबल ते वाक्यात नाही, तेवढं विशेषण गाळलेलं. बोलणारं कार्ड आहे हे कळलं, की विशेषण आपण भरू शकतो. 'माझी केबल', म्हणजे इंटरनेटची जाड वायर. मीडिया म्हणजेही तीच. वर्तमानपत्रं नव्हेत, आणि डिस्कही नव्हे. माझ्या संगणकाच्या मागच्या त्या खाचेत वायफाय आल्यापासून कधी वायर लागलेलीच नाही. तेव्हा कार्डाचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. वायर नाही, म्हणून ते म्हणालं वायर नाही.

एम०एफ, एक्झिटिंग पीएक्सई रॉम. हा निरोप. 'माझं झालं, मी निघते,' असं कार्ड बायॉसला सांगतं. पुष्कळ लोक या वाक्याला भितात. त्यात भिण्यासारखं काही नाही.

रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. इथे बोलणारा बदलला. सुरुवातीला पीएक्सई नाही. ही स्वतः बायॉस. यादी संपली, कोणीच उठलं नाही, आता तुम्हीच काय ते सांगा, असं ती घरच्या माणसाला म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी नातवाने एक प्रयोग करायला लावला. राउटरच्या खोक्यात आलेली वायर माळ्यावर होती, ती शोधली. एक टोक राउटरला, दुसरं संगणकाला लावलं. बटण दाबलं. आणि काय आश्चर्य, ई६१ नाहीसं झालं! त्याच्या जागी कार्डाचा स्वतःचा पत्ता, म्हणजे अंकाक्षरांच्या सहा जोड्या, मग 'डीएचसीपी' आणि त्यापुढे हलणारे ठिपके. जरा वेळाने नवं वाक्य आलं: पीएक्सई-ई५३, नो बूट फाइलनेम रिसीव्ड. त्यामागून पुन्हा तोच एम०एफचा निरोप आणि बायॉसचं तेच म्हणणं.

खरं सांगते, संगणक सुरू झाला नव्हता तरी मला आनंद झाला. मुलाने चुकीचंच उत्तर दिलं, पण आधीपेक्षा वेगळं दिलं, की शिक्षकाला बरं वाटतं. कुठेतरी विचार हलला असतो.

काय घडलं होतं? वायर मिळाल्यावर कार्डाने दवंडी पिटली, 'कोणी आहे का? मला पत्ता द्या, आणि माझ्या धड्याचं नाव सांगा.' राउटरने ती ऐकली आणि सवयीने पत्ता दिला. पण धड्याचं नाव? घरगुती राउटरला ते कुठून माहीत असणार! म्हणून कार्ड म्हणालं, फाइलचं नाव काही मिळालं नाही. हेही खरंच.

वायर असती पण पलीकडे पत्ता देणारं कोणीच नसतं, तर ई५१ आलं असतं, नो डीएचसीपी ऑर प्रॉक्सीडीएचसीपी ऑफर्स वेअर रिसीव्ड. ते यायला वेळ लागतो. कारण नियमपुस्तिकेप्रमाणे दवंडी चार वेळा पिटायची असते, आणि दर वेळी वाट पाहण्याची मुदत दुप्पट, ४, ८, १६ आणि ३२ सेकंद. बेरीज बरोबर एक मिनिट. धड्याचं नाव मिळालं पण तो देणारा सर्व्हर गप्प बसला, तर ई३२, टीएफटीपी ओपन टाइमआउट. ही सगळी वाक्यं एका जिन्याच्या पायऱ्या आहेत. ई६१ म्हणजे कार्ड पहिल्याच पायरीवर अडलं. ई५१ दुसरी, ई५३ तिसरी, ई३२ चौथी. वाक्य बदललं, की एवढंच कळतं की कार्ड एक पायरी चढलं.

पण माझं दुखणं त्या जिन्यावर नव्हतंच. वायर लावून ई६१ गेलं तरी संगणक उठला नाही, यावरून ते पुरतं स्पष्ट झालं. कार्डाची तक्रार दूर झाली आणि मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला.

वर्गातलं उदाहरण देते. मी पहिल्या बाकापासून एकेकाला कविता म्हणायला सांगते. पहिला खाली मान घालून गप्प. दुसरा गप्प. तिसरा गैरहजर. शेवटच्या बाकावरचा उठून म्हणतो, "बाई, माझ्याकडे पुस्तक नाहीये." नेमके त्याच क्षणी तपासायला आलेले साहेब दारात उभे असतात. त्यांच्या कानावर एवढं एकच वाक्य पडतं, आणि ते शेऱ्यात लिहितात, 'विद्यार्थ्यांकडे पुस्तके नाहीत.' शेवटच्याला पुस्तक आणून दिलं, म्हणून पहिल्याला कविता येणार आहे थोडीच!

दुकानातल्या मुलाचं निदानही याच कसोटीवर तपासलं. विंडोज उडालं असतं, तर पडद्यावर कोण बोललं असतं? डिस्क सापडली, तिचा पहिला तुकडा वाचला गेला आणि पुढचं काही मिळालं नाही, तर तो तुकडा किंवा त्यामागचा भाग स्वतः बोलतो. 'बूटएमजीआर इज मिसिंग' हे तसलं वाक्य. जुन्या एक्सपीच्या काळात 'एनटीएलडीआर इज मिसिंग' यायचं. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' हेही डिस्कवरच्या त्या पहिल्या तुकड्यातलं. ही वाक्यं आली, तर डिस्क जिवंत आहे, तिच्यावर लिहिलेल्यात काही बिघडलं आहे, असं समजावं. माझ्याकडे डिस्क एक अक्षरही बोलत नव्हती. जी बोललीच नाही, तिच्या पोटात काय बिघडलं हे फोनवर कोण सांगणार? पहिल्या तुकड्यावरची खूणच पुसली असेल तरीही बायॉस गुपचूप पुढे जाते. किंवा डिस्क मेली असेल. किंवा तिची वायर निघाली असेल. तिन्ही वेळा पडद्यावर बोलणारं कार्डच.

यातलं कोणतं, ते बायॉसलाच विचारता येतं. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ हे बटण टपटप दाबत राहायचं (कंपनीगणिक वेगळं असतं), म्हणजे तिची खोली उघडते. तिथे मी आधी तारीख आणि वेळ पाहिली. बरोबर होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल, ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली तर बायॉस तारीख विसरते, आणि आपण ठरवलेला उठवण्याचा क्रमही विसरते. म्हणजे ते कारण नव्हतं. मग जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. सीडीचा खण होता. हार्ड डिस्कच्या जागी काहीच नव्हतं.

ते पाहून पोटात गोळा आला, हे लपवत नाही. मेली की निसटली, एवढंच आता उरलं होतं. रंगकामाच्या वेळी आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा चार दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरला होता, तेवढाच काय तो आशेला आधार.

माझा एक जुना विद्यार्थी गावात विजेची कामं करतो. दहावीला मराठीत काठावर पास झाला होता, पण हात सोन्याचा आहे. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही टॉर्च धरा, मी बघतो." त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग काढला, डब्याच्या मागचे दोन स्क्रू काढले, कडेचा पत्रा सरकवला. आत तेरा वर्षांची धूळ. डिस्कमधून एक चपटी लाल वायर मदरबोर्डकडे गेलेली होती. तिचं मदरबोर्डकडचं टोक खाचेत अर्धवट, तिरकं लटकत होतं. "ही बघा बाई," तो म्हणाला, "हिला धरून ठेवायला चापच नाहीये." त्याने ती काढली, फुंकर मारली, पुन्हा नीट बसवली.

म्हणजे केबल तपासा हा सल्ला शब्दशः बरोबर ठरला! फक्त ज्या केबलबद्दल तो दिला होता ती ही नव्हे, आणि ज्याने दिला त्याला हिचा पत्ताही नव्हता.

बटण दाबलं. निळं चित्र आलं. माझ्या तोंडून एकदम "अगं बाई" निघालं. विद्यार्थ्याने चहा घेतला आणि पैसे घ्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी चाप असलेली नवी वायर आणून बसवली, तिचे मात्र मी बळेच दिले.

त्या संध्याकाळी पहिलं काम केलं ते माईआत्यांचा आवाज पेनड्राइव्हवर घेण्याचं, नातवाकडे पाठवण्याचं, आणि मग दार लावून ऐकण्याचं. चार नावं राहिली होती, ती लिहून काढली. एक नाव तीनदा ऐकावं लागलं, कारण नेमकं तिथे माईआत्यांनी सुपारी तोंडात टाकली होती. फॉरमॅट झालं असतं, तर त्या चौघी पुन्हा 'कन्या २' मध्ये गेल्या असत्या, आणि या खेपेला सांगणारंही कोणी उरलं नव्हतं.

या सगळ्यावर विचार करताना मला दुकानातल्या त्या मुलाचा राग आला नाही. त्याच्याकडे दिवसाला दहा फोन येत असतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं विंडोज खरंच उडालेलं असेल. पण आपण सगळेच ऐकू आलेल्या शेवटच्या वाक्यावरून घाईने निकाल लावतो. घरात भांडण झालं, तर ज्याचा आवाज बाहेर आला तो भांडखोर ठरतो, आणि सकाळपासून मुकाट बसलेल्याकडे कोणी बघत नाही. कुलवृत्तांतातही ज्यांच्याबद्दल सांगणारे होते त्यांची पानं भरली. म्हणून आता मी एखादी तक्रार कानावर आली की मनात दोन प्रश्न विचारते. हा कोण बोलतोय? आणि याच्या आधी कोणाला विचारलं होतं, जो बोलला नाही?

असो. आता वाचकांसाठी चार कामाच्या गोष्टी, कारण हा संदेश कधी ना कधी तुमच्याही पडद्यावर येईल.

पडद्यावर पीएक्सई दिसलं, की आधी एखादा पेनड्राइव्ह लावून ठेवलेला नाही ना ते पाहावं आणि असेल तर काढावा. मग बायॉसमध्ये जाऊन डिस्क यादीत दिसते का ते पाहावं. दिसत नसेल तर वायर किंवा डिस्क. दिसत असेल तर उठवण्याचा क्रम पाहावा, डिस्क वरती हवी. क्रम ठीक असूनही डिस्क उठत नसेल, तर तिच्यावर लिहिलेल्यात बिघाड असू शकतो. तेव्हा जाणकाराला दाखवावं, पण 'आधी आतलं वाचवा, मग काय ते करा' असं स्पष्ट सांगूनच. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये.

नव्या लॅपटॉपांवर बायॉसच्या जागी यूईएफआय असतं, आणि वाक्यं थोडी वेगळी येतात. 'स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४' असं काहीसं दिसतं, मग तेच आयपीव्ही६ बद्दल. आकडेही निराळे, उदाहरणार्थ ई१६, नो ऑफर रिसीव्ड, किंवा ई१८, सर्व्हर रिस्पॉन्स टाइमआउट. पण बोलणारा तोच, आणि अर्थही तोच. डिस्क उठली नाही म्हणून मला उठवलं, आणि मला काही मिळालं नाही.

घरच्या संगणकावर नेटवर्क बूटचं काही काम नसतं. ते यादीतून बंद करता येतं. नातवाने मला ते बंद करायला सांगितलं होतं, पण मी राहू दिलं आहे. डिस्क पुन्हा कधी रुसली, तर निदान कोणीतरी बोलेल!

आता नातेवाईक मंडळींना. तुम्ही पाठवलेली सगळी माहिती शाबूत आहे. नऊही नावं नव्या आवृत्तीत आपापल्या आईवडिलांच्या नावाखाली छापली जातील, आणि जिचं जेवढं माहीत आहे तेवढं तिच्यापुढे येईल. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांना मुलींबद्दल विचारा, आणि टिपलेला आवाज माझ्याकडे पाठवा. वायरी सगळ्या घट्ट बसवलेल्या आहेत.